जुन्नर म्हणजे केवळ शिवनेरीचे वाहनतळ नव्हे

जूनच्या सुट्टीत आम्ही स्टुटगार्टहून रेगेन्सबुर्गला गेलो आणि तिथेच सहा दिवस राहिलो, हे फोनवर ऐकताच पुण्यातल्या माझ्या थोरल्या भावाने विचारले, "एकाच गावात सहा दिवस? तेवढ्यात प्राग, व्हिएन्ना, साल्झबुर्ग सगळे झाले असते ना गं." दादाचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. ज्याला वर्षातून एकदा सलग आठवडाभर रजा मिळवण्यासाठी साहेबांची मनधरणी करावी लागते, तो त्या आठवड्यात होईल तेवढे पाहून घेणारच. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान वीस दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते, आणि बहुतेकांना प्रत्यक्षात त्याहून अधिक मिळते. सावकाश प्रवासाची बाजू मांडताना हा फरक आधी मान्य करायला हवा. पण सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा सोबत असताना तीन शहरे उरकण्यापेक्षा एका शहरात मुक्काम करणे त्यांच्या आणि आपल्याही हिताचे आहे, याविषयी आता माझ्या मनात शंका उरलेली नाही.

रेगेन्सबुर्ग हे डॅन्यूबकाठचे शहर. इथे इसवी सन 179 मध्ये रोमन छावणीची तटबंदी उभी राहिली, आणि तिच्या एका दरवाजाची कमान आजही रस्त्यालगतच्या भिंतीत दिसते. बाराव्या शतकातला दगडी पूल मोठ्या माणसाला पाच मिनिटांत ओलांडता येतो. आम्हाला पहिल्या दिवशी दीड तास लागला. मुलगा प्रत्येक कमानीपाशी थांबून खाली पाण्याचे भोवरे पाहत होता, आणि मुलगी कठड्यावर बसलेल्या, कपाळावर हात धरून टेहळणी करणाऱ्या दगडी माणसाशेजारी तशीच हात धरून उभी राहिली होती. पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांच्यात पैज लागली, पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली आणि मोबदल्यात कबूल केलेल्या, पूल पहिल्यांदा ओलांडणाऱ्या जीवांऐवजी कोंबडे आणि कुत्रा पुलावरून हाकलला, अशी तिथली दंतकथा आहे. तिसऱ्या दिवशी मुलीच्याच लक्षात आले की पूल 1146 च्या सुमारास पुरा झाला आणि आजच्या कॅथेड्रलचे काम 1273 च्या आसपास सुरू झाले, तर पैज लागली कशी? हा प्रश्न पहिल्या दिवशी पडला नसता. त्यासाठी त्याच पुलावरून रोज पाव आणायला जावे लागते.

खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलर थकलेले पैसे मागण्यासाठी या शहरात आला, आजारी पडला आणि 15 नोव्हेंबर 1630 रोजी इथेच वारला. ते घर आता स्मारक आहे. दारावरचे साल वाचून मुलगी म्हणाली, "आई, हे तर शिवाजी महाराजांच्या जन्माचं साल." शिवनेरी आणि डॅन्यूब तिच्या मनात असे शेजारी आले, याचा मला फार आनंद झाला.

नॉयफार चौकात पांढऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची एक रचना आहे, जिच्यावर गावातली मुले दिवसभर उड्या मारतात आणि मोठी माणसे बसून आइस्क्रीम खातात. 1519 मध्ये शहराने आपल्या ज्यू रहिवाशांना हाकलून दिले आणि त्यांचे प्रार्थनास्थळ पाडले. त्या पाडलेल्या वास्तूचा आराखडा दानी कारावान या शिल्पकाराने 2005 मध्ये त्याच जागी असा मांडला. दोन दिवस मुले तिथे नुसती खेळली. तिसऱ्या दिवशी मुलीने विचारले तेव्हा मी तिला खरे ते सांगितले, आणि ती बराच वेळ एका खांबाच्या खुणेवर गप्प बसून राहिली.

2025 मध्ये शिवनेरीसह बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून आमच्या घरच्या गटात वाद सुरू आहे. एक पक्ष म्हणतो, वरपर्यंत रोपवे आणि रुंद रस्ता हवा, म्हणजे आजी-आजोबा आणि लेकुरवाळ्या बायकांना गड पाहता येईल. दुसरा म्हणतो, गड चढूनच पाहायचा असतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण दोघांच्याही बोलण्यात गडाखालचे गाव कुठेच नाही, हे मला खटकते. रेगेन्सबुर्गचा 2006 मध्ये यादीत समावेश झाला तो केवळ पुलाचा किंवा कॅथेड्रलचा नव्हे, तर नदीपलीकडच्या श्टाटामहोफसह अख्ख्या जुन्या शहराचा, जिथे आजही लोक राहतात. मोटारी तिथेही सहज हटल्या नाहीत. पुलावरची खासगी वाहने 1997 मध्ये आणि बस 2008 मध्ये बंद झाल्या.

आपल्याकडे मात्र दोन दिवसांत आठ गणपती करणारी गाडी ओझर आणि लेण्याद्रीच्या मधल्या वेळात शिवनेरीच्या पायथ्याशी थांबते आणि जुन्नर गावात न शिरताच निघून जाते. ज्या जुन्नरच्या परिसरात सातवाहनकाळापासूनची लेणी आहेत, नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे, शेताच्या कडेला सौदागर घुमट ही जुनी कबर उभी आहे, त्या गावाला वाहनतळ समजणे हा त्या गावावर अन्याय आहे.

रेगेन्सबुर्गमध्ये सगळे सुखाचेच होते असे नाही. एका उपाहारगृहात मुलगा रडू लागला तेव्हा शेजारच्या टेबलावरून आलेल्या नजरांनी आम्ही जेवण अर्धे टाकून उठलो. मागे एकदा जुन्नरच्या एस. टी. स्थानकावर तोच मुलगा रडत असताना एका अनोळखी मावशींनी त्याला मांडीवर घेऊन शेंगदाणे सोलून दिले होते. ही माया तिकडे पैसे मोजून मिळत नाही. आपल्याकडे उणीव आहे ती बाईला निर्धास्तपणे जाता येईल अशा स्वच्छतागृहाची, बाबागाडी चालेल अशा सलग पदपथाची आणि सावलीतल्या बाकाची. जिथे मूल तासभर रमू शकते, तिथेच कुटुंब मुक्काम करते, आणि मुक्काम झाला की खानावळीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या हाती चार पैसे पडतात. रोपवेच्या खर्चाआधी ही तीन कामे झाली, तर लेकुरवाळ्यांची सोय खऱ्या अर्थाने होईल.

डिसेंबरात आम्ही घरी येतो आहोत आणि जुन्नरला चार रात्री राहणार आहोत. दादालाही आग्रह केला आहे. त्याला दोनच दिवस जमणार आहेत. एक दिवस फक्त शिवनेरीच्या सात दरवाजांसाठी ठेवला आहे, कारण मुलाच्या पावलांनी तेवढा वेळ लागेलच.