हुंकार कुणी द्यायचा?

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा वाचली.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे: घानाच्या लेखिका आमा अटा आयडू यांची ‘इन द कटिंग ऑफ अ ड्रिंक’ ही पसरट कथा आहे, ‘मौखिक परंपरा’ म्हणून मी तिचा ढिसाळपणा झाकतोय, आणि घसा कोरडा पडलेल्या माणसाने प्यायला मागितलं तर त्यात प्रतीक शोधणं हा माझा खटाटोप आहे.

शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही निम्मे बरोबर आहात. ‘पेय हे शहरीकरणाचं प्रतीक’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. गाइडमधलं वाटतं. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘डेड मेन्स पाथ’मध्ये (१९५३) असं बोट ठेवता येतं: हेडमास्तर शाळेच्या आवारातली पिढीजात पायवाट बंद करतो, आणि वाट म्हणजे काय हे कुणालाही कळतं. आयडूंच्या कथेत ते चालत नाही.

पण पसरट? जरा थांबा. गावातला एक तरुण बारा वर्षांपूर्वी गेलेल्या बहिणीला, मान्साला, शोधायला आक्राला, म्हणजे घानाच्या राजधानीला, जातो आणि परत येऊन मामाकाकांना, घरच्यांना सगळं सांगतो. कथा म्हणजे फक्त त्याचं बोलणं. ऐकणाऱ्यांचा एक शब्दही कागदावर नाही. ते मधे काय विचारतात, कुठे चमकतात, हे आपण त्याच्या उत्तरांवरून ओळखायचं. ‘रडण्यासारखं काय आहे त्यात?’ असं तो म्हणतो तेव्हा कळतं की अंगणात कुणीतरी रडायला लागलंय. हरवलेलं पोर शोधायला धाडलं होतं, सापडली ती बाई, एवढंच तो सांगतो. हे ढिसाळ हाताने जमत नाही हो.

आता ते प्यायला मागणं. तो मोटारी, दिवे, नाचघर यांचं वर्णन लांबवत राहतो, कारण पुढचं, म्हणजे मान्सा तिथे देहविक्रय करते हे, तोंडातून निघत नाही. मधे मधे घसा कोरडा पडतो तो त्यामुळे. दर वेळी पेला भरेपर्यंत गोष्ट थांबते आणि वाईट बातमी तेवढी पुढे ढकलली जाते. हे प्रतीक असेल तर गोष्टीत राबणारं आहे, वरून चिकटवलेलं नाही. शेवटी मान्साचं ‘कोणतंही काम कामच असतं’ हे वाक्य तो पुन्हा उच्चारतो, थिजलेल्या रक्तासारख्या दिसणाऱ्या तिच्या तोंडासकट, आणि पुन्हा प्यायला मागतो.

घानातल्या अकान लोकांच्या अनान्सेसेममध्ये, म्हणजे अनान्से कोळ्याच्या गोष्टींमध्ये, ऐकणारे गप्प बसत नाहीत. गोष्ट मधेच तोडून गाणं म्हणतात. त्याला म्बोग्वो म्हणतात. गोष्ट संपताना सांगणारा साधारण असं म्हणतो: माझी ही गोष्ट गोड असो वा नसो, थोडी घेऊन जा, थोडी मला परत येऊ द्या. आयडूंच्या १९७०च्या कथासंग्रहाचं नाव ‘नो स्वीटनेस हिअर’ आहे. ते नाव त्यातल्या दुसऱ्या एका कथेचं; पण तो ‘गोड’ शब्द या समारोपातून आला असावा असा माझा तर्क आहे. तर्कच, नाही पटला तर सोडून द्या.

‘मौखिक म्हणता, मग इंग्रजीत का?’ हा तुमचा टोला मात्र लागला. त्या गावचे म्हातारे ही कथा वाचणार नाहीत, हे खरंच. आयडूंचं म्हणणं असं की कथा श्रोत्यांसाठीही लिहिता येते. त्यांची इंग्रजी त्या हिशेबाने वाकवलेली आहे. पण त्यामुळे तुमचा प्रश्न मिटत नाही, हे मान्य.

एक विनंती. मोठ्याने वाचून बघा. मी गेल्या आठवड्यात जेवणं झाल्यावर आईला ती मराठीत करून सांगितली, अडखळतच. ती भांडी आवरत हुं हुं करत होती. मान्सा सापडते तिथे आईचा हात थांबला. म्हणाली, ‘आणि हा घरी येऊन हे सगळं तिच्या आईसमोर सांगतोय?’