अण्णांचा बाल्कनीतला दिवा

बाल्कनीतला दिवा उगाच जळताना दिसला की आमचे अण्णा (माझे सासरे) घर डोक्यावर घेतात. "वीज काय फुकट येते का?" दिवा नऊ वॅटचा. आणि तेव्हाच न्हाणीघरात गिझर पहाटे पाचपासून मुकाट्याने चालू असतो, कारण कोणी ना कोणी आंघोळीला जाणारच असतं. त्याबद्दल गेल्या दहा वर्षांत घरात कोणी अवाक्षर काढलेलं नाही.

डिसेंबरचं बिल नेहमीपेक्षा बरंच फुगून आलं. पहिला आळ दिव्यावर, दुसरा सासूबाईंच्या मिक्सरवर. "केवढा आवाज करतो, खातच असणार!" मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. रविवारी फ्रिज, टीव्ही, वायफाय, इन्व्हर्टर सगळं बंद केलं आणि अण्णांना मीटरसमोर खुर्ची टाकून बसवलं.

मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो, बघितलाय का कधी? आमच्या मीटरवर त्याच्याशेजारी ३२०० असा आकडा आहे. म्हणजे ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्याकडे आकडा वेगळा असू शकतो, हिशेब तोच.

आधी फक्त बाल्कनीतला दिवा लावला. अण्णा बघताहेत, बघताहेत, काहीच नाही. "मीटर बंद पडलं वाटतं." दोन मिनिटं उलटून गेल्यावर ठिपका एकदा लुकलुकला. मग जुना पंखा : पंधरा सेकंदांनी एकदा. सासूबाईंनी मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट केलं : दोन-सव्वादोन सेकंदांनी एकदा, पण कूट मिनिटभरात झालंसुद्धा. शेवटी गिझर. सेकंदाला जवळजवळ दोनदा! अण्णांनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.

मला म्हणायचंय ते एवढंच, की डोळे आणि कान ही विजेची फार वाईट मीटरं आहेत. उजेड दिसतो, आवाज ऐकू येतो, म्हणून आपण त्यांच्यावर डाफरतो. खरी खादाड मंडळी गप्प असतात. गिझर, इस्त्री, हीटर, वॉशिंग मशीनमधला गरम पाण्याचा प्रोग्रॅम. सगळी उष्णतेची गिऱ्हाइकं.

उष्णता एवढी महाग का, याचं उत्तर एकोणिसाव्या शतकात जेम्स जूल नावाच्या इंग्रज माणसाने काढून ठेवलंय. घराण्याचा धंदा बिअरचा, आणि हा वजनं खाली सोडून त्यांच्या जोरावर पाण्यात पाती फिरवायचा आणि पाणी किती तापतं ते मोजत बसायचा. त्याच्या हिशेबाचं आजचं रूप असं : पाणी एक अंश तापायला ते सुमारे ४२७ मीटर उंचीवरून पडावं लागतं आणि त्या पडण्याची सगळी ऊर्जा त्यातच मुरावी लागते.

आता आम्ही साताऱ्याचे, म्हणून कोयनेचं घेते. पोफळीच्या वीजघरात पाणी साधारण पावणेपाचशे मीटर खाली येतं. एवढा घाट उतरून आलेल्या पाण्याची सगळी ऊर्जा त्याच पाण्यात परत घातली, तर ते सव्वा अंशही तापणार नाही. आपल्याला मात्र थंडीत वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायची असते. म्हणजे अंगावर घ्यायच्या एका बादलीसाठी कोयनेच्या निदान अठरा बादल्या, वाटेतली गळती धरली तर वीसेक. युनिटमध्ये हे अर्ध्याला जरा कमी. तेवढ्यात अण्णांचा दिवा पन्नास तास जळतो. हजार लिटर पाणी दहा मीटरवरच्या टाकीत चढवायला हिशेबाने ०.०३ युनिटसुद्धा लागत नाही. मोटरने त्याच्या दसपट खाल्लं तरी बादलीच भारी.

पंख्याच्या बाबतीत मात्र अण्णा शंभर टक्के बरोबर आहेत. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. खोलीत माणूसच नसेल तर त्याचे पंचाहत्तर वॅट शेवटी हवा ढवळून खोली थोडी गरमच करतात. फ्रिजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार करू पाहणाऱ्यांचंही तेच. आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर येते, वर कॉम्प्रेसरची जमेला.

जाहिरातीत गिझर "जवळपास १०० टक्के कार्यक्षम" म्हणतात तेव्हा मला हसू येतं. खोटं नाही ते. विजेची उष्णता करण्यात कसलं आलंय कौशल्य, कुठलीही तार करते! पण कोयना सोडली तर आपली बरीचशी वीज कोळशाची. चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळसा जाळून उष्णता करायची, तिच्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज होणार, ती तारांवरून शेकडो किलोमीटर आणायची आणि न्हाणीघरात पुन्हा उष्णता करायची. आजीचा तांब्याचा बंब निदान जागच्या जागी जळत होता. धुराने डोळे चुरचुरायचे ते वेगळं, त्याचे गोडवे मी गाणार नाही.

गच्चीवर सौर बंब बसवावा असं माझं स्पष्ट मत आहे. सोसायटीत दोन वर्षं विषय "पुढच्या मीटिंगला" चाललाय. गॅस गिझर सुचवणाऱ्यांना एकच : तो न्हाणीघराच्या आत बसवू नका. बंद खोलीत त्याच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेलीत.

तूर्तास गिझर सत्तर अंशांवरून पन्नासवर आणलाय. पाणी जेवढं कढत, तेवढी टाकीतून उष्णता झिरपते, आणि आपण शेवटी विसण घालणारच असतो. बटण अण्णांच्या ताब्यात आहे. आंघोळीच्या वीस मिनिटं आधी लावतात, नंतर बंद म्हणजे बंद. आज मी वर्गाच्या वह्या तपासत बसले, उशीर झाला. बाहेरून आवाज आला, "अगं, तुझ्याच ठिपक्यांचा हिशेब आहे!"

गार पाण्याने आंघोळ केली. बाल्कनीतला दिवा तेव्हा चालू होता.