दोष एकट्या भाकरीचा नाही: कमी कर्बोदकांच्या आहाराविषयी फिरणाऱ्या दाव्यांचा प्रतिवाद

वजन कमी करण्याविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर थोड्याफार फरकाने फिरतो आहे. त्याचे सार असे: माणूस लठ्ठ होतो तो जास्त खाल्ल्यामुळे नाही, तर पोळी, भात आणि भाकरीतील कर्बोदकांमुळे, कर्बोदकांनी इन्शुलिन वाढते आणि इन्शुलिन वाढलेले असेपर्यंत चरबी वितळूच शकत नाही, म्हणून धान्य पूर्ण बंद करावे आणि तूप, लोणी, पनीर, अंडी, मटण हवे तेवढे खावे, कॅलरी मोजू नयेत, पंधरा दिवसांत चार-पाच किलो वजन उतरते, मधुमेह मुळापासून जातो आणि गोळ्या सुटतात, आपले पूर्वज तरी कुठे धान्य खात होते?

या मजकुरात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो इतका टिकला, आणि त्याला उत्तर देताना तो अंश आधी मान्य केला पाहिजे. कर्बोदके कमी केली की बहुतेकांचे वजन उतरते, जेवणानंतर साखर कमी चढते आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी घटते. ही कल्पना नवीही नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून आपले वजन कसे उतरवले, याची पुस्तिका १८६३ मध्येच काढली होती. किटोजेनिक, म्हणजे अत्यल्प कर्बोदकांचा आणि भरपूर स्निग्ध पदार्थांचा, आहार तर १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी अपस्मारावरील उपचार म्हणून सुचवला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या अपस्मारात तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जातो. तेव्हा कर्बोदके कमी करण्याला माझा विरोध नाही. धान्य हेच विष, तूप हवे तितके आणि औषध अनावश्यक, या तीन विधानांना मात्र माझा स्पष्ट विरोध आहे, कारण त्यांवर विश्वास ठेवून आपली माणसे प्रत्यक्ष आपले जेवण आणि आपली औषधे बदलत आहेत.

पंधरा दिवसांतील चार-पाच किलोंपासून सुरुवात करू. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीच्या रूपातील साखर, साठवलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. कर्बोदके बंद झाली की हा साठा काही दिवसांत रिकामा होतो, त्याबरोबरचे पाणी निघून जाते, आणि इन्शुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडेही अधिक मीठ व पाणी बाहेर टाकू लागतात. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली येतो तो प्रामुख्याने यामुळे, आणि पुन्हा दोन दिवस भात खाल्ला की त्यातला बराच भाग परत येतो तोही यामुळेच. चरबीचा हिशेब निराळा आहे. एक किलो चरबी उतरायला सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते. दिवसाला २,००० कॅलरी खर्च करणाऱ्या माणसाने पंधरा दिवस अन्नाचा कणही तोंडात घातला नाही, तरी ही तूट ३०,००० कॅलरींची, म्हणजे चार किलोंहून कमी चरबीची होते. मग तूप-पनीर खाऊन तेवढ्याच दिवसांत पाच किलो चरबी कशी उतरेल?

आता इन्शुलिनच्या दाव्याकडे वळू, कारण साऱ्या मजकुराचा पाया तोच आहे. इन्शुलिन चरबीचे विघटन रोखते, हे पाठ्यपुस्तकातले सत्य आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासता येण्याजोगा आहे, आणि तो तपासला गेलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १९ लठ्ठ व्यक्तींना संशोधन-कक्षातच ठेवले आणि त्यांच्या आहारातून सारख्याच कॅलरी एकदा कर्बोदकांतून व एकदा स्निग्ध पदार्थांतून वजा केल्या. इन्शुलिन फक्त कर्बोदके कापल्यावर घटले. शरीरातील चरबी मात्र दोन्ही वेळा कमी झाली, आणि स्निग्ध पदार्थ कापल्यावर किंचित अधिकच कमी झाली. २०२१ मध्ये याच गटाने २० जणांना दोन आठवडे प्राणिज पदार्थांचा किटोजेनिक आहार आणि दोन आठवडे वनस्पतिजन्य, कमी स्निग्धांशाचा व भरपूर कर्बोदकांचा आहार दिला आणि भूक भागेपर्यंत खाण्याची मुभा ठेवली. भरपूर कर्बोदकांच्या आहारात जेवणानंतरची साखर आणि इन्शुलिन बरेच जास्त चढत होते, तरीही त्या काळात लोक दिवसाला सरासरी ६८९ कॅलरी कमी खात होते. हे प्रयोग लहान आणि अल्पकालीन आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून कमी स्निग्धांशाचा आहारच श्रेष्ठ असे मी म्हणणार नाही. पण ‘इन्शुलिन चढले की चरबी उतरणे अशक्य’ हे विधान खोडून काढायला ते पुरेसे आहेत. शिवाय पनीर, अंडी, मटण यांतील प्रथिनेही इन्शुलिन वाढवतात, आणि आहारातील तूप शरीरात साठण्यासाठी इन्शुलिनची उसळी लागत नाही, उपाशीपोटी असते तेवढे इन्शुलिनही त्याला पुरते, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगितलेलेच नाही.

यावर कोणी म्हणेल की प्रयोगशाळेतले दोन आठवडे सोडा, वर्षभराचे काय ते सांगा. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते, आणि साखर, मैदा टाळून भरपूर भाज्या खाव्यात व घरी रांधावे, असा सल्ला दोन्ही गटांना दिलेला होता. बारा महिन्यांनंतर कमी स्निग्धांशाच्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि कमी कर्बोदकांच्या गटाचे ६.० किलोंनी उतरले होते; हा फरक योगायोगाने पडू शकेल एवढाच होता. ज्यांचे शरीर मुळात जास्त इन्शुलिन स्रवते त्यांना तरी कमी कर्बोदकांचा अधिक फायदा होईल, ही अपेक्षाही खरी ठरली नाही. माझ्या दृष्टीने याहून बोलकी गोष्ट म्हणजे प्रत्येक गटात काहींचे वजन पंचवीस किलोंहून अधिक उतरले होते आणि काहींचे चक्क वाढले होते, म्हणजे दोन आहारांतील फरकापेक्षा एकच आहार घेणाऱ्या माणसामाणसांतला फरक कितीतरी मोठा होता. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकी संशोधक गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चाचणीतही सहा महिन्यांपर्यंत कमी कर्बोदकांचा गट पुढे होता आणि वर्ष संपेपर्यंत ती आघाडी जवळजवळ पुसली गेली होती.

याच्या उलट जाणारा पुरावाही सांगितला पाहिजे. इस्रायलमध्ये ३२२ जणांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी स्निग्धांशाच्या आहाराने २.९ किलो, भूमध्यसागरी आहाराने ४.४ किलो आणि कमी कर्बोदकांच्या आहाराने ४.७ किलो वजन उतरले. कमी कर्बोदकांचे समर्थक या चाचणीचा दाखला नेहमी देतात, पण कमी कर्बोदकांच्या गटाला स्निग्ध पदार्थ व प्रथिने शक्यतो वनस्पतींतून घेण्याचा सल्ला दिला होता आणि जवळजवळ तेवढाच परिणाम गहू, कडधान्ये, फळे असलेल्या भूमध्यसागरी आहारानेही साधला, हा भाग मात्र गाळतात.

‘तूप हवे तेवढे’ हा सल्ला मला सर्वांत बेजबाबदार वाटतो. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम तुपात, १३५ कॅलरी असतात. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण १७० असतात, आणि तिच्यातून तंतू, प्रथिने व लोहही मिळते. कमी कर्बोदकांच्या आहारात भूक मंदावते ती मुख्यतः प्रथिनांमुळे. पण प्रथिनांच्या जागी तुपाची धार धरली, तर कॅलरींची तूट पडणार कुठून? तुपातील निम्म्याहून बरीच अधिक स्निग्धाम्ले संपृक्त असतात आणि संपृक्त स्निग्धाम्लांनी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे, कोलेस्टेरॉल वाढते, हे अनेक दशकांच्या चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे. किटो आहार घेणाऱ्या काहींचे एलडीएल तर अतिशय वाढते. ट्रायग्लिसराइड घटले म्हणून वाढलेल्या एलडीएलकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि दक्षिण आशियाई माणसाला तर मुळीच नाही, कारण त्याला हृदयविकार इतरांपेक्षा कमी वयात गाठतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसायला सडपातळ पण आतून चरबीयुक्त अशी भारतीय शरीरयष्टी जगापुढे मांडली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही देहभार निर्देशांक (बीएमआय, उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. केवळ काटा उतरला म्हणजे आरोग्य सुधारले, असे मानायची सोय आपल्याला नाही.

पूर्वजांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतून जव आणि डाळींचे अवशेष मिळालेले आहेत. बोलिव्हियातील त्सिमाने लोकांच्या आहारात सुमारे ७२ टक्के ऊर्जा भात, केळी, कसावा, मका यांच्या कर्बोदकांतून येते, आणि २०१७ च्या पाहणीत त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तोवर अभ्यासलेल्या सर्व समाजांपेक्षा निरोगी आढळल्या. ते दिवसभर राबतात, हे खरे; पण कर्बोदके स्वतःच विष असती तर राबण्याने ती अमृत झाली नसती.

मजकुरात न आलेला, पण घराघरात जाणवणारा प्रश्न आपल्या ताटाचा आहे. काटेकोर किटो आहारात दिवसाची मर्यादा साधारण २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांची असते. एका भाकरीत पस्तीस ग्रॅमच्या आसपास आणि वाटीभर आमटी किंवा उसळीत आणखी दहा-पंधरा ग्रॅम गेली की मर्यादा संपली. म्हणजे शाकाहारी माणसाला भाकरीबरोबर मूग, मटकी, तूर, हरभराही सोडावे लागतात, जे त्याच्या प्रथिनांचे आणि तंतूंचे मुख्य साधन आहे, आणि उरते ते पनीर, तूप, सुकामेवा, जे रोज घेणे अनेक घरांना परवडणारेही नाही. एवढ्या कडक आहारावर कोणी सहा महिने काढतो, पण गणपती, लग्नकार्य, प्रवास आला की तो मोडतो आणि वजन परत येते. दीर्घ चाचण्यांमध्ये वर्षाअखेरीस फरक पुसला जातो, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

याचा अर्थ आपले नेहमीचे ताट निर्दोष आहे असाही नाही, आणि इथे मी मजकुराच्या विरोधकांशीही असहमत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मधुमेहाविषयीच्या देशव्यापी इंडियाब सर्वेक्षणातून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. केवळ पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्यांचे पीठ वापरले आणि एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. पण पाच टक्के ऊर्जा कर्बोदकांऐवजी डाळी-कडधान्यांच्या किंवा दुधाच्या प्रथिनांतून घेणाऱ्यांत तो कमी दिसला. कर्बोदकांची जागा स्निग्ध पदार्थांनी घेतल्यास असे संरक्षण दिसले नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्यांतून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगितले आहे. म्हणजे भात-पोळी कमी करून त्या जागी उसळ, वरण, दही, भाज्या वाढवण्याला भक्कम आधार आहे. धान्य बंद करून तूप वाढवण्याला तो नाही.

राहिला मधुमेह, आणि इथे चूक महागात पडते. २०२१ मध्ये २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात कमी कर्बोदकांच्या आहारावरील टाइप २ मधुमेहींपैकी ५७ टक्क्यांची साखर सहा महिन्यांत मधुमेहाच्या मर्यादेखाली आली होती, तर तुलनेच्या गटात ३१ टक्क्यांची. पण बारा महिन्यांपर्यंत हा लाभ बराच ओसरला. उलट ब्रिटनमधील डायरेक्ट या चाचणीत दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा जो पेयरूप आहार दिला, त्यातील जवळजवळ ५९ टक्के ऊर्जा कर्बोदकांची होती, आणि तरीही वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्ण औषधांविना मधुमेहमुक्त अवस्थेत होते, कारण त्यांचे वजन उतरले होते. ही अवस्था म्हणजे मुळापासून बरे होणे नव्हे. वजन परत आले की बहुधा साखरही परत येते.

गोळ्या सुटतात म्हणून त्या आपणच सोडणे, किंवा त्या चालू ठेवून अचानक धान्य बंद करणे, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने कर्बोदके एकदम तोडली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून डोस आहार बदलण्याच्या आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा लागतो. टाइप १ मधुमेह, गर्भारपण आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा प्रयोग मनाने करूच नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या आता सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबरोबर किटो आहार घेतल्यास चरबी जळताना तयार होणारी किटोन ही आम्लद्रव्ये रक्तात साठून आम्लता वाढण्याचा, म्हणजे किटोॲसिडोसिसचा धोका असतो, आणि त्यात साखर फारशी वाढलेली नसल्याने घरच्या ग्लुकोमीटरवर तो कळत नाही. अशा व्यक्तीला मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप किंवा विलक्षण थकवा जाणवला, तर ‘किटो सुरू झाल्याची लक्षणे’ म्हणून वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन किटोनची तपासणी करून घ्यावी आणि कोणती गोळी चालू आहे हे तिथल्या डॉक्टरांना सांगावे.