सुधाकरसाठी रडतो, मग अँड्र्यू वुडसाठी का नाही?

नमस्कार,

अमेरिकी रॉक गायक ख्रिस कॉर्नेलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याचा मथितार्थ असा: ही सगळी माणसं नशेपायी किंवा स्वतःच्या हाताने गेली, त्यांच्यावर हळवे लेख लिहिणं म्हणजे तसल्या मरणाचं उदात्तीकरण, कोवळ्या वयाची मुलं हे वाचतात, आणि आपल्याकडचे शाहीर हलाखीत जातात तेव्हा कुणाचे डोळे ओले होत नाहीत. भाषा कडक आहे, पण त्यामागे घरातल्या भाच्याची काळजी आहे हे जाणवलं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे की, सगळे नशेपायी गेले नाहीत. मेटॅलिका या रॉक बँडचा क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनच्या रस्त्यावर दौऱ्याची बस उलटून गेला, अवघा २४ वर्षांचा. गायक जेफ बकली १९९७ मध्ये मेम्फिसच्या वुल्फ नदीत बुडाला. शवविच्छेदनात अमली पदार्थ सापडले नाहीत. गिटारवादक स्टीव्ही रे वॉनने तर दारू आणि कोकेन सोडून जवळजवळ चार वर्षं झाली होती. ऑगस्ट १९९० मध्ये कार्यक्रम संपवून तो हेलिकॉप्टरने निघाला आणि ते टेकडीवर आदळलं.

तुम्ही ‘सत्तावीसचा शाप’ असंही म्हटलंय. हेंड्रिक्स, जॅनिस जॉपलिन, जिम मॉरिसन, पुढे कर्ट कोबेन, सगळे त्याच वयात गेले हे खरं. पण ब्रिटनमध्ये १९५६ ते २००७ या काळात ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला अशा १,०४६ कलाकारांची पाहणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली आली. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूंची गर्दी काही दिसली नाही. दिसलं ते असं की विशी-तिशीत या लोकांच्या मरणाचं प्रमाण चारचौघांच्या दुप्पट-तिप्पट होतं. म्हणजे शाप वगैरे काही नाही, त्या जगण्यातच काहीतरी जीवघेणं आहे, आणि मला त्याचा संताप येतो. आपले बालकवीही सत्ताविसाव्या वर्षीच गेले, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली. आपण त्यांच्या वयाचं गूढ माजवलं नाही. अजून किती लिहिलं असतं, एवढंच म्हणत राहिलो. मीही तेवढंच म्हणते आहे.

आता अँड्र्यू वुड. तो मात्र हेरॉइननेच गेला, हे मी लेखात झाकलं नव्हतं. सिअ‍ॅटलच्या ‘मदर लव्ह बोन’चा हा गायक व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता. काही महिने हेरॉइनला शिवलाही नव्हता. बँडचा पहिला मोठा अल्बम तयार होता, बाजारात यायचा तेवढा बाकी होता. मार्च १९९० मध्ये त्याने पुन्हा घेतलं. मध्ये खंड पडला की शरीराची सवय मोडते आणि पूर्वी सोसायचं तेवढंच हेरॉइन जीव घेऊ शकतं. सोडू पाहणारा माणूसच अशा वेळी जास्त धोक्यात असतो. १९ मार्चला हॉस्पिटलात त्याचा मृत्यू झाला. वय २४.

कॉर्नेल त्याच्याबरोबर एका घरात राहिलेला. त्याने दौऱ्यावर असताना अँडीसाठी, म्हणजे या वुडसाठी, दोन गाणी लिहिली आणि परतल्यावर अँडीच्याच बँडमधल्या स्टोन गॉसार्ड आणि जेफ अमेंट यांच्यापुढे ठेवली. त्यातून ‘टेम्पल ऑफ द डॉग’ हा अल्बम उभा राहिला. एप्रिल १९९१ मध्ये आला. त्याच सुमारास सॅन डिएगोहून एक बुजरा मुलगा गॉसार्ड-अमेंटच्या नव्या बँडसाठी आला होता. सरावात कॉर्नेल ‘हंगर स्ट्राइक’ या गाण्यातले खालचे आणि वरचे सूर दोन्ही एकट्याने गाऊ बघत होता, आणि खालची पट्टी त्याला जमेना. हा मुलगा उठून माइकपाशी गेला आणि खालची ओळ त्याने उचलली. तो एडी वेडर, पुढे पर्ल जॅमचा आवाज झाला. ते ध्रुवपद एकदा ऐकाच. वेडर खाली ठाम उभा राहतो आणि कॉर्नेल वरच्या सप्तकातून त्याला साद देतो. यात उदात्तीकरण कुठे आहे? मित्र कशाने गेला हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी मित्र तो मित्रच.

नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या अल्बमचे वादक पुन्हा एकत्र आले, कॉर्नेल गायला. पुढच्या मे महिन्यात डेट्रॉइटचा कार्यक्रम झाल्यावर त्याच रात्री त्याने आपलं आयुष्य संपवलं. त्याच्या अंत्यविधीला लिंकिन पार्कचा चेस्टर बेनिंग्टन गायला, आणि २० जुलैला, कॉर्नेलच्या वाढदिवशी, चेस्टरही आत्महत्या करून गेला. ते दोन महिने आम्हा चाहत्यांना फार जड गेले, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही.

व्यसनी माणसासाठी रडायचं कशाला, असं तुम्ही विचारता. मराठी माणूस शंभर वर्षं ‘एकच प्याला’तल्या सुधाकरसाठी रडतो आहे. गडकऱ्यांनी सुधाकरचं एकही पाप पोटात घातलेलं नाही, सिंधूचे हाल आपल्याला उघड्या डोळ्यांनी बघायला लावले आहेत, आणि तरी सुधाकरचा जीव हळहळ लावून जातो. त्या नाटकाला कुणी दारूची जाहिरात म्हणत नाही. मग हाडामांसाच्या अँडीला वेगळा न्याय कशासाठी?

मुलांबद्दलची तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. १० एप्रिल १९९४ ला, आत्महत्या करून गेलेल्या कोबेनसाठी, सिअ‍ॅटल सेंटरमध्ये हजारो पोरं जमली होती. संकटात फोनवर आधार देणाऱ्या तिथल्या केंद्राच्या लोकांनाही तिथे बोलायला दिलं गेलं. पुढे अभ्यासकांनी त्या भागातले आकडे तपासले. आत्महत्या वाढतील अशी धास्ती होती, तशी वाढ आढळली नाही; मदत मागणारे फोन मात्र वाढले. म्हणून मी मरणाच्या तपशिलात शिरत नाही, अखेरच्या चिठ्ठ्या छापत नाही, पण शोक करायचा सोडणारही नाही. भाच्याचे हेडफोन काढून घेऊ नका. त्याला काय आवडतं ते त्याच्या शेजारी बसून ऐका, गाण्याबद्दल विचारा, मग तो स्वतःबद्दलही बोलेल. गप्प-गप्प राहायला लागला, झोप उडाली, तर त्याला सरळ विचारा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

शाहिरांबद्दलचं तुमचं म्हणणं रास्त आहे, फक्त त्याचा हिशेब कॉर्नेलच्या खात्यात मांडू नका. मी त्यांच्यावर लिहिलं नाही, कारण मी फड जवळून पाहिलेले नाहीत, आणि उसनं दुःख मला लिहिता येत नाही. तुम्ही पाहिलेत, हे प्रतिक्रियेतल्या त्या तीन ओळींवरूनही कळतं. तुमच्या गावचे ते शाहीर कसे गायचे, कुठली लावणी उचलून धरायचे, शेवटच्या दिवसांत त्यांना कोण बघत होतं, हे सगळं लिहून पाठवा. मी ते तुमच्या नावाने इथेच छापते.