‘पुस्तकी ज्ञान’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘पावसाळ्यात रिमोटवरची (आरसी) गाडी बंद ठेवणार असाल तर तिचा लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पॅक दर सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवा’ असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली, ती थोडक्यात अशी : “अरे बाळा, हे सगळं पुस्तकी ज्ञान. मी पॅक कायम फुल चार्ज करून कपाटात ठेवतो, आजवर काही झालं नाही. 3.8चं खूळ चार्जर विकणाऱ्यांनी काढलंय. पॅकवरचे सीचे (तो किती करंट देऊ शकतो त्याचे) आकडेही खोटेच. निकेलच्या बॅटऱ्या काय वाईट होत्या? हल्ली गाडी लवकर बसते, पण ती मोटरमुळे.”

साहेब, आधी त्या ‘बाळा’बद्दल. आपली ओळख ना पाळख. माझा मुलगा कॉलेजात आहे. मतभेद खुशाल असावेत, पण दुसऱ्याच्या ओटीवर येऊन त्यालाच बाळा म्हणायची रीत आमच्या रत्नागिरीत तरी नाही.

आणि पुस्तकी? माझ्या वडिलांचं मिरकरवाड्यात बॅटऱ्यांचं दुकान होतं. ट्रॉलरवरून आलेल्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालत, हायड्रोमीटर बुडवत मी वाढलो. ॲसिडने भोकं पडलेल्या चड्डीवर शाळेत गेलोय. म्हणून तर तुमची ही ‘फुल ठेवायची’ सवय कुठून आली ते मला बरोबर कळतं. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट चार्जवर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती कामातून जाते. तिला फुलच ठेवावं लागतं. इन्व्हर्टरवाला हेच सांगतो आणि बरोबर सांगतो. लिपोचं नेमकं उलटं. सेल 4.2 व्होल्टवर, म्हणजे फुल चार्ज, पडून राहिला की आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू बिघडत जातं, गॅस धरतो, आणि उकाड्यात हे सगळं आणखी लवकर होतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर राहिलेला एक पॅक माझ्याकडे आला होता. हार्डकेसची शिवण उकललेली, गाडीच्या खाचेत तो बसेना, आणि नेलपॉलिशसारखा गोडूस वास. बॅलन्स प्लगच्या (चार्जरला प्रत्येक सेल वेगळा जोडणाऱ्या छोट्या प्लगच्या) पिनांवर खाऱ्या हवेने धरलेला हिरवा थर तो वेगळाच.

‘काही झालं नाही’ म्हणजे आग लागली नाही, एवढंच ना? लिपो दर वेळी बोंब मारून मरत नाही. तिचा इंटर्नल रेझिस्टन्स, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, गुपचूप वाढत जातो. हिशेब करा. सेलचा रेझिस्टन्स 3 मिलिओहम असेल तर 60 अँपिअर ओढताना 0.18 व्होल्ट पडतात. तोच 10 मिलिओहम झाला की 0.6. म्हणजे 3.7चा सेल थेट 3.1वर. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) कटऑफ, म्हणजे ज्याखाली तो मोटर तोडतो तो व्होल्टेज, 3.2ला लावलेला असेल तर भाट्ये किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत थ्रॉटल दाबल्याबरोबर गाडी बसणारच. मोटर बिचारी फुकट बदनाम! तुम्ही जे ‘झालं नाही’ म्हणता ते तुमच्याच शेवटच्या वाक्यात झालेलं आहे. जरा स्वतःचं लिहिलेलं वाचत जा.

राहिलं ते 3.8चं खूळ. मालवाहू विमानाने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवायच्या तर 2016पासून 30 टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही. हा नियम काय आमच्या माळनाक्यावरच्या चार्जरवाल्याने केला?

सीच्या आकड्यांचं मात्र मान्य. 5000 एमएएचच्या पॅकवर 100सी छापलेलं असतं, म्हणजे 500 अँपिअर, आणि पुढे जोडलेला असतो एक्सटी-60, म्हणजे 60 अँपिअरचा कनेक्टर! तिथे तुमच्याशी भांडण नाही. निकेलच्या बॅटऱ्या आवडत असतील तर वापरा, कोणी अडवलंय?

तुमच्या चार्जरवर रेझिस्टन्स दाखवायची सोय असेल तर पॅकमधल्या सेलचे आकडे इथे टाका. तोवर मोटरवर पैसे घालू नका.