ब्रँडेड की असेंबल्ड? कट्ट्यावरचा एक वाद

वादाला कारण झाली आमच्यातली एक मैत्रीण. ती व्हिडिओ संपादनाचे काम करते. तिच्या जुन्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुरक्षा-सुधारणा, संपल्यापासून ग्राहकांचे काम त्या यंत्रावर ठेवणे तिला धोक्याचे वाटते. नवा संगणक घ्यायचा हे तिचे ठरलेले होते. तो नामांकित कंपनीचा तयार घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः जुळवावा, एवढेच तिला विचारायचे होते.

हिशेबतपासणीचे काम करणाऱ्या मित्राने लगेच तयार संगणकाची बाजू घेतली. त्याचे म्हणणे असे, की तयार संगणकाची पावती एक, वॉरंटी एक आणि जबाबदारही एकच. "उद्या स्क्रीन काळी पडली, तर दोष रॅमचा (स्मृतीचा), मदरबोर्डचा (सारे भाग ज्यावर बसतात त्या फलकाचा) की पॉवर सप्लायचा हे आधी तुलाच शोधावे लागेल, आणि तोवर प्रत्येक विक्रेता दुसऱ्याच्या भागाकडे बोट दाखवेल. तुझे काम आठवडाभर थांबले, तर वाचवलेल्या पैशांना काय अर्थ राहिला?"

संगणक दुरुस्त करणाऱ्या मित्राने यातला अर्धा मुद्दा मान्य केला, आणि तो मान्य करण्यासारखाच आहे. बदलून पाहायला दुसरी रॅम किंवा दुसरा पॉवर सप्लाय हाताशी नसेल, तर दोष नेमका कुठे आहे हे घरी शोधणे खरोखर कठीण जाते. मात्र वॉरंटीच्या मुदतीचे गणित उलटे आहे, असे त्याने सांगितले. तयार संगणकाला बहुधा एक ते तीन वर्षांची वॉरंटी मिळते, तर चांगला पॉवर सप्लाय स्वतंत्र घेतला तर पाच, सात, काही वेळा दहा वर्षांचीही मिळते.

त्यानंतर त्याने जो मुद्दा मांडला, तो मला या साऱ्या वादाचा गाभा वाटतो. तयार संगणकाच्या जाहिरातीत प्रोसेसरचे नाव, रॅमचे आकडे, साठवणीची क्षमता आणि ग्राफिक्स कार्ड एवढेच छापलेले असते, आणि म्हणून काटकसर होते ती जे छापलेले नसते त्यात: पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, प्रोसेसरचा कूलर आणि कॅबिनेटमधून हवा खेळण्याची सोय. "१६ जीबी रॅम" असे लिहिलेले असते, पण ती सोळाची एकच पट्टी आहे की आठच्या दोन, हे लिहिलेले नसते. दोन पट्ट्या दोन वाहिन्यांवर चालतात, तर एका पट्टीवर स्मृतीकडून प्रोसेसरकडे जाणाऱ्या माहितीचा मार्ग निम्मा होतो. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणाऱ्याला हा फरक विशेष जाणवतो.

"पण पट्टी नंतर घालता येते," हिशेबवाला मित्र म्हणाला. पट्टी घालता येते. प्रत्येक भाग मात्र असा बदलता येत नाही. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे मानक आणले, आणि त्यामुळेच आज एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो आणि पॉवर सप्लायचा २४ पिनांचा प्लग तिसऱ्या कंपनीचा असला तरी चालतो. काही मोठ्या कंपन्या आपल्या तयार संगणकांत हे मानक पाळत नाहीत. मदरबोर्डचा आकार त्यांचा स्वतःचा, विजेचे प्लग स्वतःचे, काही वेळा कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची जोडणीसुद्धा स्वतःची. वॉरंटी संपल्यावर अशा संगणकाचा पॉवर सप्लाय गेला, तर बाजारातला कोणताही चांगला पॉवर सप्लाय त्याला थेट लागत नाही, आणि कंपनीने तो भाग बनवणे थांबवले असेल, तर बाकी सारे ठणठणीत असूनही यंत्र पडून राहते. हे ऐकल्यावर हिशेबवाला प्रथमच थांबला. एक किरकोळ भाग गेल्यामुळे अख्खी मालमत्ता निर्लेखित करावी लागणे त्याच्या हिशेबात बसत नव्हते.

पुढे प्रोसेसर बदलता येईल, हे मात्र मी फार मोठे आकर्षण मानत नाही, कारण नव्या पिढीच्या प्रोसेसरला बहुधा नवे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची बसण्याची वेगळी जागा, लागते. एएमडीचे एएम४ सॉकेट त्याला सुखद अपवाद ठरले: २०१७ च्या पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायोस (मदरबोर्डमधली मूळ आज्ञावली) अद्ययावत करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवता आला. उलट इंटेलचे एलजीए१७०० सॉकेट २०२१ मध्ये आले आणि २०२४ मध्ये डेस्कटॉपच्या नव्या पिढीला एलजीए१८५१ लागले. ज्याला प्रोसेसर बदलायचाच आहे, त्याने सॉकेट पाहून घ्यावे. बाकीच्यांनी या आशेवर जास्त पैसे घालू नयेत.

असेंबल्ड नेहमी स्वस्त पडतो, ही समजूतही जुनी झाली. २०२० ते २०२२ या काळात ग्राफिक्स कार्डांचा इतका तुटवडा होता, की अनेकांना कार्ड मिळवण्यासाठी तयार संगणकच घ्यावा लागला. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण स्मृतीच्या चिप कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळल्या. अशा वेळी घाऊक करार करून ठेवलेली कंपनी एकट्या ग्राहकापेक्षा स्वस्तात माल घेऊ शकते.

मैत्रिणीला किमतीपेक्षा भीती होती ती हातून काही जळण्याची. दुरुस्तीवाल्याने तिला धीर दिला, पण खरे धोकेही लपवले नाहीत. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणाऱ्या, पॉवर सप्लायच्या केबली एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायला कधीही लावू नयेत. प्लग बसतो, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाच्या पिनांना सर्वमान्य मानक नाही, आणि चुकीच्या पिनेवरून आलेला व्होल्टेज एसएसडी क्षणात निकामी करतो. मोठ्या ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा १२व्हीएचपीडब्ल्यूआर प्लग शेवटपर्यंत दाबून बसवावा, कारण २०२२ च्या अखेरीस एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाचे जे प्लग वितळले, त्यामागे अर्धवट बसलेली जोडणी हे एक प्रमुख कारण निघाले. आणि डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचा संगणक पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटे काळीच राहू शकते, कारण मदरबोर्ड त्या वेळी स्मृतीची जुळवणी करत असतो. घाबरून वीज बंद करू नये.

खरा निकाल लागला तो तिच्या कामाच्या तपशिलावरून. तिचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी स्वरूपात, म्हणजे रंगांचा जास्त तपशील राखून दाबलेल्या व्हिडिओत, चित्रण करतो. हे स्वरूप उलगडण्याची सोय इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये काही वर्षांपासून आहे, तर एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. तिने पसंत केलेल्या तयार संगणकात प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' होते, म्हणजे त्यात अंतर्गत ग्राफिक्स नव्हतेच, आणि कार्ड आरटीएक्स ४० मालिकेचे होते. कागदावर ते यंत्र वेगवान होते, पण तिच्या टाइमलाइनवर ते अडखळले असते. कार्यालयीन कामासाठी संगणक घेणाऱ्याला मी आजही मानक भागांचा तयार संगणकच सुचवेन. ज्याचे काम असे विशिष्ट आहे, त्याने मात्र भाग स्वतः निवडावेत, हे माझे ठाम मत आहे.

निवड स्वतः केली म्हणजे जुळणीही स्वतःच करावी लागते असे नाही, हे मी मध्ये सांगितले. भाग आपण ठरवावेत, जुळणी आणि चाचणी विक्रेत्याकडून करून घ्यावी, पावतीवर प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लिहून घ्यावे आणि खोकी जपून ठेवावीत. हिशेबवाल्याला हा मार्ग पटला. दुरुस्तीवाल्याला पटला नाही. स्वतः जुळवलेले यंत्र बिघडले तर ते उघडायला माणूस कचरत नाही, असा त्याचा अनुभव आहे, आणि तिच्या शेजारी बसून जुळणी करून घेण्याची तयारीही त्याने दाखवली. मैत्रिणीने त्याचे ऐकले, पण हिशेबवाल्याची एक अट राखली: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकाच विक्रेत्याकडून, एकाच पावतीवर घ्यायची, म्हणजे यंत्र सुरूच झाले नाही तर तिघांची तपासणी एका ठिकाणी होईल.

उरला तो विंडोजच्या परवान्याचा प्रश्न. तयार संगणकात परवाना किमतीतच येतो, पण तो त्याच यंत्राला बांधलेला असतो. किरकोळ विक्रीचा परवाना महाग पडतो, पण पुढच्या यंत्रावर नेता येतो. तो आत्ताच घ्यावा की नाही, यावर हिशेबवाला आणि दुरुस्तीवाला अजून सहमत झालेले नाहीत.