ड्रॅग-ड्रॉप ‘सगळ्यांत सोपं’? आमच्या काउंटरवर येऊन बघा

बेळगावातल्या आम्हा डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे संगणकावर पत्रिका-पत्रकं जुळवणाऱ्यांच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या ड्रॅग-ड्रॉपबद्दल (माउसचं बटण दाबून धरून फाइल ओढायची आणि हव्या जागी सोडायची) एक मेसेज फिरतोय: ‘ड्रॅग-ड्रॉप सगळ्यांत सोपं. ते शिकवावं लागत नाही, जमत नसेल तर सराव कमी, आणि वेगळा पर्याय दिला की सॉफ्टवेअर किचकट होतं.’ तिन्ही गोष्टी मला पटत नाहीत.

शिकवावं लागत नाही म्हणे! विंडोजमध्ये त्याच ड्राइव्हवर फाइल ओढली की ती जुन्या जागेवरून उठते. पेनड्राइव्हवरून डेस्कटॉपवर ओढली की नुसती कॉपी होते. हात तोच, ओढणं तेच, परिणाम वेगळा. खानापूरकडून कुणी लग्नपत्रिका करायला येतो, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. दोन्हीकडे एकच गणपती हवा म्हणून चित्र एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढतो, आणि मराठीच्या फोल्डरमधला गणपती गायब! कीबोर्डवरचं कंट्रोल बटण दाबून ओढलं असतं तर कॉपी झाली असती. ओढताना कर्सरपाशी ‘मूव्ह टू’ अशी बारीक पाटी दिसते खरी, पण नजर तेव्हा फोल्डर शोधत असते.

सरावाचं म्हणाल, तर मॅकेन्झी, सेलन आणि बक्स्टन या संशोधकांनी 1991 मध्ये माउस, पेननं चालवायची टॅबलेट-पाटी आणि ट्रॅकबॉल (जागच्या जागी फिरवायचा गोळा) तपासले. तिन्हींवर नुसतं टिचकी मारण्यापेक्षा ओढणं संथ आणि जास्त चुकांचं निघालं. बटण दाबून धरायचं आणि त्याच हातानं नेमही धरायचा, अडचण तिथं आहे. निपाणीत दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला ‘तुमच्या बोटांना सवय नाही’ असं सांगून बघा की!

राहिला पर्यायाचा किचकटपणा. 5 ऑक्टोबर 2023 ला आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या नियमावलीत, 2.5.7 हा निकष आहे: ओढून होणारं काम न ओढताही करता आलं पाहिजे, ओढणं अत्यावश्यकच असेल तर अपवाद. यादीतल्या ओळीला ‘वर’, ‘खाली’ अशी दोन बटणं दिली की झालं. ज्याला ओढायचंय त्यानं खुशाल ओढावं, त्याचं काय अडतंय?

आणि ओढायचंच असेल, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये माउसच्या ‘बटन्स’ टॅबवर ‘क्लिकलॉक’ चालू करा. बटण क्षणभर दाबून सोडायचं, फाइल न्यायची, पुन्हा क्लिक केलं की सुटते. मधेच बेत बदलला तर एस्केप.